कंपनीचं वृक्षारोपण, गावाचं गायरान आणि मधल्यामध्ये मी

मुरमाड
मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा घाईने हवाय. साहेबांनी तारीख ठरवून टाकलीय.

आमची कंपनी मध्यम आकाराची, गाड्यांचे सुटे भाग बनवते. शिरूर तालुक्यात. यंदा सीएसआरमधून (कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च) शेजारच्या गावाला सोबत घेऊन 'तीन हजार झाडं' लावायची आहेत. मी खरेदी विभागात. "तू इकडचाच ना, तुला झाडांतलं कळत असेल" एवढ्या गुणवत्तेवर हे लोढणं माझ्या गळ्यात.

गावाने गायरानातली पाचेक एकर जागा दाखवलीय. उताराचा माळ, वर वीतभर माती, खाली मुरूम, काही ठिकाणी सरळ कातळच. पाण्याची सोय नाही. साहेबांना गुलमोहर हवेत ("हायवेवरून रंग दिसला पाहिजे"). सरपंचांना आंबा आणि चिंच. बचत गटाच्या बायका शेवगा आणि सीताफळ म्हणतायत. एचआरने चारशे टी-शर्टांची ऑर्डर आधीच दिलीय. तारीख ५ जून, पर्यावरण दिन.

माझे प्रश्न तीन. कुठली झाडं लावावीत? तीन हजार आकडा झेपेल का? आणि फोटो काढून झाल्यावर पुढे ती बघायची कोणी?

टवाळ_टपरी
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपंय. शेळ्या बघतील.

हिरवट_पेन्शनर
टी-शर्टाचा रंग हिरवा असेल तर निदान तेवढा तरी हिरवा पट्टा महामार्गावरून दिसेल. साहेबांचं काम झालं!

जुना_रेंजर
वनखात्यात आयुष्य गेलं, म्हणून चार गोष्टी सांगतो. आवडल्या नाहीत तरी ऐका.

५ जून रद्द करा. शिरूर पर्जन्यछायेत येतं. ५ जूनला तिथे जमीन तव्यासारखी तापलेली असते. मान्सून आला अशी बातमी टीव्हीवर येते ती कोकणातली, तुमच्या माळावरची नाही. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. दोन चांगले पाऊस होऊन खड्ड्याच्या तळापर्यंत ओल गेली की रोप लावायचं, तोवर हात लावायचा नाही.

५ जूनला हौसच असेल तर खड्डे खणा. खरं तर ते मे महिन्यातच व्हायला हवेत, म्हणजे उन्हाने माती तापते, हुमणी-वाळवी कमी होते. दीड फूट लांब, रुंद, खोल हा किमान खड्डा. मुरमात दोन फूट. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. आणि खड्ड्यांच्या आधी उताराला आडवे सलग समतल चर मारून घ्या. पाणी जागेवर मुरलं नाही तर टँकर आणून किती आणणार?

मुरमाड
रेंजरसाहेब, मनापासून धन्यवाद. ५ जूनचं साहेबांना कसं सांगायचं ते बघतो. त्या दिवशी मुंबईहून डायरेक्टर येतायत.

रोपवाटिका_फलटणकर
टँकरचा विषय निघाला म्हणून हिशेब मांडतो. पहिल्या उन्हाळ्यात रोपामागे आठवड्याला किमान १० लिटर धरा. तीन हजार रोपं म्हणजे ३० हजार लिटर, म्हणजे १० हजारांचे तीन टँकर, दर आठवड्याला. डिसेंबर ते मध्य जून साधारण २६ आठवडे. झाले ७८ टँकर. हा फक्त पहिल्या वर्षाचा आकडा. आणि उन्हाळ्यात शिरूरच्या गावांना प्यायला टँकर लागत असताना तुमचा टँकर झाडांना पाणी घालताना दिसला, तर गावात काय बोललं जाईल याचाही विचार करा.

माझा धंदा रोपं विकायचा, तरी सांगतो: सहाशे घ्या. पण दोन वर्षांची, पाच-सहा फुटी, मोठ्या पिशवीतली. छोट्या पिशवीतलं वीतभर रोप स्वस्त पडतं आणि जानेवारीत काडी होतं. घेताना एखादी पिशवी फाडून बघा. मुळं तळाशी गोल गोल गुंडाळलेली असली तर गाडी परत पाठवा, माझी असली तरी.

अनुराधा_जोगळेकर_नव्हे
फलटणकर, पिशवीवरून आठवलं. आमच्या ऑफिसनेही मागे असंच केलं होतं, कुठे ते सांगत नाही. दिवाळीनंतर काही जण हौसेने बघायला गेलो. वाळलेलं रोप सहज ओढलं तर अख्खं हातात आलं, काळी पिशवी जशीच्या तशी! शेजारचं ओढलं, तेही तसंच. एका ओळीत सगळी पिशवीसकट लावलेली. कोणी सांगितलंच नव्हतं की पिशवी कापायची असते. लावणारे सगळे इंजिनिअर.

टवाळ_टपरी
पॅकिंगसह डिलिव्हरी. वॉरंटी शाबूत.

एचआर_वाली_मी
इथे एचआरला टोमणे मारायची पद्धत आहे, मारा. पण दुसरी बाजू ऐका. चारशे माणसं एसीतून बाहेर पडून दिवसभर मातीत हात घालतात याला काहीच किंमत नाही का? आमच्याकडे शॉप फ्लोअरवरची मुलं आणि मॅनेजर एकाच घमेल्याने माती टाकत होते, एरवी कँटीनमध्येही वेगळे बसतात. टी-शर्ट नसते तर गर्दीत आपली माणसं कोण हे कळलं नसतं. फोटो लागतो, कारण फोटो नसेल तर पुढच्या वर्षी बजेट मिळत नाही. हे कटू वाटेल, पण असंच आहे.

जुना_रेंजर
ताई, माणसं आणा की. फक्त चारशे माणसं आणि सहाशे रोपं असलं गणित असेल तर प्रत्येकाला दीड रोप येतं, बाकी दिवस सेल्फी. चर खणायला आणा, आच्छादनाला पालापाचोळा पसरायला आणा, फेब्रुवारीत जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायला आणा. फेब्रुवारीत मात्र कोणी येत नाही.

एचआर_वाली_मी
बोलावून तरी बघितलंय का कोणी? आमची दोनशे मुलं शनिवारी ट्रेकला जातातच.

सीएस_मीनल
व्यवसायाने कंपनी सेक्रेटरी आहे, म्हणून कायद्याचं सांगते. मुरमाड यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी ओलांडलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. बहुतेक कंपन्यांना वाटतं की ३१ मार्चच्या आत पैसे उडवलेच पाहिजेत, म्हणून सगळा खर्च रोपं, मांडव आणि नाश्ता यांत जातो. पण २०२१ पासून 'चालू प्रकल्प' ही स्पष्ट सोय आहे. प्रकल्प ज्या वर्षी सुरू होतो ते वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो. उरलेले पैसे वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायचे आणि पुढच्या तीन वर्षांत त्याच प्रकल्पावर वापरायचे. म्हणजे राखणदाराचा पगार, टँकर, मरतुकीच्या जागी नवी रोपं, सगळं आजच मंजूर करून घेता येतं. कार्यालयीन खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण माळावर काम करणाऱ्या राखणदाराची मजुरी त्यात मोडत नाही, तो प्रकल्पाचाच खर्च.

आणखी एक. कारखान्याच्या आवारातला हरितपट्टा पर्यावरण मंजुरीच्या अटीत असेल (बहुधा प्लॉटच्या ३३ टक्के असतो), तर ती झाडं सीएसआरमध्ये दाखवता येत नाहीत. कायद्याने करायचंच होतं ते उपकार म्हणून मोजायचं नाही.

मुरमाड
मीनलताई, हे सोनं आहे. आमच्या अकाउंट्सवाल्याने मार्चअखेरच सांगितला होता.

हिरवट_पेन्शनर
अकाउंट्सवाल्याला मार्चशिवाय महिना माहीत नसतो.

मेंढक्याचा_नातू
सगळं वाचलं. एक प्रश्न कोणीच विचारला नाही. त्या पाच एकरांवर आत्ता कोणाची जनावरं चरतात?

आमचा आजा मेंढरं घेऊन याच पट्ट्यातून कोकणात उतरायचा. तुम्ही ज्याला उजाड माळ म्हणताय ना, तिथे पावसाळ्यात पवन्या, मारवेल, कुसळी गुडघाभर येते. त्या गवतावर गावातल्या दहा-पंधरा घरांच्या शेळ्या-मेंढ्या जगतात, आणि ही घरं ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसत नाहीत. सरपंचाने जागा दाखवली, कंपनीने तारा ओढल्या, की ती घरं बाहेर. मग रात्री तार तुटते, आणि कंपनीवाले म्हणतात गावकऱ्यांना झाडांची किंमत नाही.

वर टवाळभाऊंनी शेळ्यांवर जोक केला. हसलो. पण शेळी काय खाते हे ठरवून झाडं लावली तर? बाभूळ, हिवर, बोर, आपटा. शेंगा पडल्या की शेळ्यांची चंगळ. त्यांनाच राखायला द्या की.

टवाळ_टपरी
माफी भाऊ. पॉइंट आहे.

रानभूल
मेंढक्याचा नातू यांना पूर्ण पाठिंबा, आणि एक पाऊल पुढे जाते: त्या माळावर झाडं लावूच नका.

सरकारी नकाशात गवताळ माळ 'पडीक' रकान्यात जातो, आणि पडीक म्हटलं की प्रत्येकाला तिथे झाड खोचावंसं वाटतं. पण शिरूर, दौंड, बारामती, कर्जत हा पट्टा मुळात झुडपी गवताळ प्रदेश आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी आहे, रेहेकुरीचं काळविटांसाठी. लांडगा, खोकड, तरस, चंडोल, सगळे उघड्या माळावरचे. तिथे दाट झाडी केली की हे प्राणी-पक्षी जातात. सोलापूरच्या नान्नजला माळढोक पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. गवताची मुळंही जमिनीत कार्बन धरतात, आणि वणवा लागला तरी तो जमिनीतच राहतो.

जुना_रेंजर
रानभूल, तत्त्वतः मान्य. पण शेजारी एमआयडीसी, खाली ढाबे, वर पवनचक्क्या. त्या पाच एकरांत आता चिंकारा येणार आहे का?

रानभूल
"आता येणार आहे का" असं म्हणत म्हणतच सगळे माळ गेले, साहेब. निदान पावसाळ्यात एकदा जाऊन गवत कुठलं उगवतं ते बघा तरी. चांगलं पवन्या-मारवेल असेल तर झाडं कडेला, ओघळीला, बांधाला लावा आणि मधला माळ गवतासाठी राखा.

जुना_रेंजर
ओघळीला लावा हे मात्र शंभर टक्के. माती तिथेच साठते, ओलही तिथेच. करंज, उंबर, जांभूळ ओघळीतच जगतील. उतारावर पळस, हिवर, बोर. कातळावर काही नको.

पुणेरी_टेकडीकर
जरा विषयांतर. पुण्याच्या टेकड्यांवर फिरणाऱ्यांना गिरिपुष्प ओळखीचं असेल. मध्य अमेरिकेतलं झाड. भराभर वाढतं, जनावर फारसं तोंड लावत नाही, म्हणून लागवड 'यशस्वी'. आज मैलभर चाललं तरी तेच तेच. खाली दुसरं काही फारसं नाही. जगणाऱ्या झाडांची टक्केवारी मागितली की माणूस न मरणारं झाड शोधतो, तेव्हा टक्केवारीची अट घालताना जरा जपून.

आणि साहेबांचा गुलमोहरही मादागास्करचा आहे हे त्यांच्या कानावर घाला.

सातारची_सून
गुलमोहराला नावं ठेवू नका हो, मे महिन्यात डोळ्यांना तेवढंच सुख. रंगच हवाय तर पळस, पांगारा, काटेसावर, बहावा लावा. फेब्रुवारीत पळस पेटला की हायवेवरून काय, विमानातून दिसेल. आणि राज्यफूल ताम्हण कारखान्याच्या गेटवर लावा, तिथे पाणी आहे.

ओसाकाची_वाडी
जपानमधून लिहितोय, विषय थोडा जवळचा म्हणून. कारखाना आणि लोकांनी मिळून झाडं लावायची जी पद्धत आता भारतभर 'मियावाकी' म्हणून फिरते, ती कारखान्यांमधूनच मोठी झाली. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकींनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला निप्पॉन स्टीलच्या ओइता कारखान्याभोवती तसं जंगल उभं केलं. आधी आजूबाजूच्या देवळांच्या राईत कुठली झाडं टिकून आहेत ते शोधलं, त्यांचंच बी गोळा केलं, रोपं केली, मग चौरस मीटरला तीन-चार अशी दाट लावली.

भारतात त्यातलं 'दाट' तेवढं उचललं जातं. देवराईत जाऊन बी गोळा करायचा भाग कोणी करत नाही. आणि जपानात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. शिरूरच्या माळावर चौरस मीटरला चार झाडं म्हणजे चौघांत एक चपाती.

झाडीपट्टी
गडचिरोलीकडचा आहे. आमच्याकडे झाडं लावायची फारशी गरजच पडत नाही, राखली की पुरे. मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, मग बांबू ग्रामसभाच विकू लागली. बांबूचा पैसा ग्रामसभेकडे येतो म्हटल्यावर राखायला वेगळं सांगावं लागत नाही. तुमच्या कंपनीने सहाशे झाडं लावली तर त्यावरच्या सीताफळावर हक्क कोणाचा, हे लिहून घेतलंय का? वरच्या बचत गटाच्या बायका काही चुकीचं मागत नाहीत. सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, मुरमात येतं, आणि फळाला पुण्यात भाव आहे.

रोपवाटिका_फलटणकर
झाडीपट्टीशी सहमत. मुरमात कलमी आंबा मात्र नको, पाण्याशिवाय जगवणं अवघड. सरपंचांना चिंच द्या. शिरूर तालुक्यातच मोराची चिंचोली आहे, चिंचा आणि मोर दोन्हींसाठी नावाजलेली. फळाला थांबावं लागतं, पण सरपंचांच्या नातवाला मिळेल.

टवाळ_टपरी
सरपंचांना पाच वर्षांत मिळायला हवं, पुढची निवडणूक आहे.

एक_वाचक
आकड्यांवरून: राज्य सरकारच्या मोहिमेत २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी, असं मिळून ५० कोटींचं लक्ष्य होतं. माझ्या वाट्याला तेव्हा शाळेच्या मागच्या भिंतीलगतचा खड्डा आला होता. त्याच खड्ड्यात पुढच्या वर्षीही लावलं. खड्डा मात्र खूप चांगला होता.

हिरवट_पेन्शनर
=)) खड्ड्याला वारसा दर्जा द्या.

हेमंत_वणवे
आडनावावर जाऊ नका. जुना_रेंजर यांनी जाळरेषेचा उल्लेख केला तो सगळे विसरले. गवत राखलंत की डिसेंबरनंतर ते वाळतं. कडेने कोणी विडी टाकली की एका दुपारी सगळं साफ. दहा फुटांचा पट्टा गवत काढून मोकळा करायचा. कापलेलं गवत शेळीवाल्यांना फुकट द्या, म्हणजे तेच कापून नेतील. अहिल्यानगरच्या हिवरे बाजारने नेमकं हेच केलं. चराईबंदी केली पण गवत कापून न्यायला मोकळीक ठेवली. नुसती बंदी असती तर गाव एका वर्षात वैतागलं असतं.

मेंढक्याचा_नातू
हां, हे जमतंय. शेळ्या आत नाहीत, गवत बाहेर. पण मोठ्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून एकदाच सगळं नेऊ नये. डोक्यावरचा भारा, एवढंच माप ठेवा.

मुरमाड
तीन दिवस लॉगिन करता आलं नाही. काल बैठक झाली. थोडक्यात सांगतो.

डायरेक्टर ५ जूनलाच येणार, त्यात बदल नाही. पण त्या दिवशी झाडं लावायची नाहीत, चर खणायचे, यावर साहेब तयार झाले. कारण वेगळंच. चर खणतानाचे फोटो "जास्त ग्रामीण" दिसतात असं मार्केटिंगचं म्हणणं पडलं. चालेल. टी-शर्ट राहतील.

आकडा तीन हजारांवरून सातशेवर आला. यावर जोरात भांडण झालं. आमच्या ग्रुपच्या दुसऱ्या कारखान्याने मागच्या वर्षी पाच हजारांचा फलक लावलाय, आपण सातशे म्हटलं तर लाज जाईल, असं म्हणणं होतं. मग मी फलटणकरांचा टँकरचा हिशेब फळ्यावर लिहिला. ७८ आकडा बघून फायनान्सवाला पहिल्यांदा झाडांच्या बाजूने बोलला. मीनलताईंचा 'चालू प्रकल्प'ही त्यालाच सांगितला. तो नियम वाचून आला आणि आता सगळ्यांना स्वतःच समजावून सांगतोय.

गावात सकाळी गेलो होतो, सरपंचांशिवाय. चरायला नेणारी घरं बारा निघाली. एका मावशींनी सरळ विचारलं, "तुमची झाडं मोठी होईस्तोर आमच्या शेळ्यांनी काय खायचं?" मधला माळ गवताला ठेवायचा आणि झाडं ओघळीला, बांधाला, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "लिहून द्या." तेव्हा ग्रामसभेचा ठराव घ्यायचाय. सीताफळं आणि शेवगा बचत गटाचे, गवत बारा घरांचं, चिंच पंचायतीची. तहसीलचं पत्र आणि मोजणी बाकी आहे.

राखणीला त्याच बारा घरांतला एक मुलगा हो म्हणालाय. पगार कंपनीकडून, नेमणूक ग्रामसभेकडून.

गुलमोहर दोन लावावे लागतील. गेटवर. साहेबांच्या बायकोला आवडतात.

सातारची_सून
साहेबांच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

सीएस_मीनल
ठरावात 'कंपनी मालक' असा शब्द कुठे येत नाही ना ते बघा. आणि वेगळं बँक खातं ३१ मार्चच्या आत उघडून ठेवा, शेवटच्या आठवड्यात बँक ऐकत नाही.

रानभूल
मधला माळ राहतोय, हे वाचून बरं वाटलं. ऑगस्टमध्ये गवताचे फोटो टाका, ओळखायला मदत करते.

एचआर_वाली_मी
फेब्रुवारीतल्या जाळरेषेला तुमच्या एचआरला विचारा. विचारून बघाच. नाही म्हणाले तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी त्यांच्याशी बोलते.

जुना_रेंजर
आमची बॅच असती तर राखणदाराची नेमणूक ग्रामसभेकडे द्यायला मी विरोध केला असता. पण करून बघा. दोन बारीक गोष्टी राहिल्या. पाण्याची टाकी ओघळीच्या वरच्या अंगाला ठेवा, म्हणजे पाइप टाकून उताराने पाणी सोडता येईल, इंजिन नको. आणि टाकीच्या चावीला कुलूप लावा. किल्ल्या दोन, एक मुलाकडे, एक त्या मावशींकडे.

टवाळ_टपरी
तिसरी सरपंच मागणार.

मुरमाड
मागितली. आजच.